पाच गिगाहर्ट्झ आणि अडीच हात भिंत

चारठाण्याला बाहेरगावचे अभ्यासक येतात ते जुनी मंदिरं बघायला. गोकुळेश्वरापुढं उभे राहतात, मानस्तंभाकडं मान वर करून बघतात, दगडावरच्या नक्षीवरून बोट फिरवतात आणि 'इतकी शतकं कसं टिकलं असेल हो' असं म्हणत जिंतूरच्या गाडीनं परत जातात. टिकणं म्हणजे काय ते या मंडळींना समजलेलंच नाही. त्यांनी एकदा आमच्या घरी यावं आणि ढाळजेतल्या राउटरची माजघरातल्या कॉम्प्युटरशी गाठ घालून दाखवावी. मध्ये अडीच हात जाडीची भिंत आहे. खाली दगड, वर पांढरी माती आणि पोटात धान्याचं बळद. पणजोबांनी ती बांधली तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि दरोडेखोरांचं भय होतं. त्या भिंतीतून दरोडेखोर आत आले नाहीत, उन्हाळा आला नाही, ढाळजेत बसलेल्या व्याह्यांना माजघरातलं बोलणं कधी ऐकू गेलं नाही. वायफायनं तरी का यावं?

राउटर ढाळजेत बसला त्यालाही कारण आहे. फायबर जोडायला आलेल्या पोरानं खांबावरून तार ओढली, खिडकीतून आत घेतली आणि जो पहिला खिळा दिसला त्याला डबा लटकवला.

"आत माजघरात घे की. कॉम्प्युटर तिथं आहे."

"काका, ही तार आतून काचेची असतीया. लई वाकवली की उजेड गळतो."

"मग सरळ ने."

"सरळ भिंत आहे."

यावर मला काही सुचलं नाही. कॉम्प्युटर बाहेर आणायचा तर अर्थिंग असलेला आणि इन्व्हर्टरवर चालणारा सॉकेट घरात एकच, तोही माजघरात. आमच्याकडची वीज पाहुण्यांना निरोप न देता जाते, त्यामुळं तो सॉकेट सोडणं शक्य नाही. म्हणजे एक वाकणार नाही आणि दुसरा हलणार नाही. घरात आई आणि मी असल्यामुळं या परिस्थितीची आम्हाला सवय होती.

पोरानं जाताना सांगितलं की डब्यातून दोन नावं निघतात. एक साधं, ते दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झचं. दुसऱ्याच्या शेवटी 'पाच जी' असं शेपूट. "साधं लांब जातंय, पण हळू चालतंय. पाच जीवालं लई पळतंय." प्लॅन शंभर एमबीपीएसचा. ढाळजेत मोबाईल धरला की पाच जीवर नव्वदीच्या वर आकडा यायचा. माजघरात कॉम्प्युटरवर साध्या नावाला सहा-सात. मंजूर शंभर आणि हातात सात, हे प्रमाण मराठवाड्यातल्या माणसाला नवं नाही. आमचे कित्येक बंधारे याच हिशेबानं झालेले आहेत. मी तक्रार केलीच नसती.

तक्रार करावीशी वाटली ती शेजारच्या गुरुजींमुळं. गुरुजी निवृत्त आहेत, म्हणजे दिवसभर कामात असतात. सकाळी हॉटेलपुढच्या बाकावर आम्ही चौघं-पाच जण बसतो. पूर्वी तिथं एकमेकांची शुगर विचारली जायची, हल्ली स्पीड विचारतात. दोन्हीत लोक खोटं बोलतात, फक्त शुगर कमी सांगतात आणि स्पीड जास्त. गुरुजी मात्र पुराव्यानिशी बोलणारे. मोबाईल काढून स्पीड टेस्टचा काटा सगळ्यांच्या नाकासमोर धरायचे. "काल रात्री ब्याण्णव. पहाटे चौऱ्याण्णव. तुमचं?"

मी म्हणायचो, "बरं आहे."

"बरं म्हणजे किती?"

"बरं म्हणजे बरं."

माझा सातबारा उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माणूस प्रत्यक्ष जिंतूरला जाऊन तलाठ्याला भेटून आला असता. पीकविम्याचा अर्ज भरताना शेवटच्या पानावर गोल गोल फिरणारं चाक मी इतकं बघितलंय की डोळे मिटले तरी ते दिसतं. पण त्याचं दुःख नव्हतं. दुःख ब्याण्णवचं होतं. तेव्हा ठरवलं की कॉम्प्युटर पाच जीवर न्यायचा.

पहिली अडचण अशी की कॉम्प्युटरला ते नाव दिसतच नव्हतं. यादी उघडली तर आमचं साधं नाव आणि खाली अख्खी गल्ली. त्या यादीनं बाकी माझं भलतंच प्रबोधन केलं. 'नेट-बिट घेतलं नाही बाबा, पोरं बिघडतात' असं शपथेवर सांगणाऱ्यांची नावं दोन-दोनदा होती. एकाचं नाव 'पासवर्ड विचारू नये' असं होतं आणि त्या घरचा कर्ता मला रोज भेटून विचारायचा, "तुमचा पासवर्ड काय?"

पुण्याला भाचा आहे. तो कॉम्प्युटरमधलाच आहे, त्यामुळं त्याला फोन केला की तो आधी मोठा श्वास घेतो.

"मामा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अडॅप्टर. उजवं क्लिक. प्रॉपर्टीज. काय लिहिलंय?"

"आठशेदोन पॉइंट अकरा, बी, जी, एन."

"पुढं? ए? एसी?"

"एसी कुठला, पंखा आहे."

पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग त्यानं समजावलं की माझ्या कार्डाला पाच गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही. राउटर ओरडतोय, कार्ड बहिरं आहे. मला वाटलं होतं पाच गिगाहर्ट्झ म्हणजे काल-परवाची गोष्ट असेल. तर नाही, पाचवाली 'ए' आणि दोन पॉइंट चारवाली 'बी' या दोघी १९९९ सालच्या. 'बी' स्वस्त पडली आणि घरोघर गेली. २००९ साली 'एन' आली, तिला दोन्ही पट्टे चालतात, पण स्वस्तातलं कार्ड बनवणाऱ्यांनी एकच कान बसवून विकलं. २०२० साली घाईत घेतलेल्या आमच्या कॉम्प्युटरच्या वाट्याला ते एककानी कार्ड आलं.

"आणि मामा, साध्या पट्ट्यावर गर्दी किती आहे बघा," भाचा म्हणाला. आपल्याकडं त्या पट्ट्यात तेरा चॅनल आहेत, पण एकमेकांच्या पायावर पाय न देता बोलू शकतील असे तीनच, एक, सहा आणि अकरा. त्यात सगळी गल्ली. ब्लूटूथही तिथंच. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच आकड्यावर, दोन पॉइंट पंचेचाळीसवर चालतो. तेव्हा मला उलगडलं की संध्याकाळी नेमकं काय होतं. सूनबाईंनी संभाजीनगरहून माहेरचा ओव्हन आणलाय आणि त्यात त्या पापड भाजतात. पापड फुगला की सातबारा बसतो. हे मी जेवताना बोलून दाखवलं. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढचे बरेच दिवस मला पापड चुलीवरचा मिळाला, एका बाजूनं काळा.

कार्डाचं कळल्यावर गावानं सूत्रं हातात घेतली. आमच्याकडं कुणाचं काही अडलं की माणसं धावून येतात, अडलेलं आणखी घट्ट बसेपर्यंत जात नाहीत. एकानं राउटरच्या मागं स्टीलचं परातीएवढं ताट उभं करायला लावलं, त्यामुळं लहरी पुढं फेकल्या जातात म्हणे. फेकल्या गेल्या, पण कुठं ते कळलं नाही. हिला मात्र ताट हवं होतं आणि त्या दिवशी पुरणपोळी होती. दुसऱ्यानं अँटेनाचं तोंड दक्षिणेला असल्याचा दोष काढला. एका चिरंजीवानं राउटर मानस्तंभावर ठेवायची योजना मांडली, म्हणजे सगळ्या गावाचंच काम होईल. त्याला म्हटलं, गावाचं होईल, पण तुझं जेवण जिंतूरच्या कोठडीत होईल. आणि एक आजोबा काठी टेकत आले ते थेट भांडायला, "घरात फाइव्ह जी घेतलं म्हणे. चिमण्या मरतील." त्यांना मोबाईल टॉवरचं ते वेगळं आणि हे वेगळं असं सांगण्यात चहाचे दोन कप गेले. शेवटी भिंतीतल्या बळदाच्या तोंडाशी घरटं करून राहिलेल्या चिमण्या दाखवल्या. म्हटलं, यांच्यापर्यंत ते पोचलं तर मीच पेढे वाटतो.

भाच्यानं बोटाएवढा डोंगल पाठवला. दोन्ही कानांचा. कुरियरवाला फाट्यापर्यंतच येतो, तिथून तो आणला, कॉम्प्युटरला टोचला आणि काहीच झालं नाही. डब्यात पापडाएवढी एक सीडी होती. तिच्यात ड्रायव्हर. कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंड नाही. मग कागदावर लिहिलेलं दिसलं की सीडी नसेल तर ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवा. इंटरनेटसाठी डोंगल, डोंगलसाठी ड्रायव्हर, ड्रायव्हरसाठी इंटरनेट. सरकारी कचेरीत जन्माचा दाखला काढताना ज्यानं जन्माचा पुरावा म्हणून जन्माचा दाखला दिलाय, तो माझ्याशी सहमत होईल. मुलानं मोबाईल वायरनं कॉम्प्युटरला जोडला, मोबाईलचं नेट त्याला पाजलं आणि ड्रायव्हर उतरला.

आणि यादीत ते नाव दिसलं. शेवटी पाच जी. ही पदराला हात पुसत बाहेर आली, सूनबाई आल्या, आईनं विचारलं, "कोण आलंय?" मी क्लिक केलं. पासवर्ड टाकला. 'कनेक्टेड' असं आलं आणि त्याच्या शेजारी छत्रीची एक काडी. स्पीड टेस्ट लावली. काटा थोडा हलला, विचारात पडला आणि तीनवर बसला.

आधी सात होते.

भाचा म्हणाला, "मामा, फिजिक्स आहे ते." दोन पॉइंट चारची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची, पाचची त्याच्या निम्म्याहून कमी. जितकी आखूड लहर तितकी ती भिंतीत दमते. माती, दगड, पाणी, लोखंडी कपाट, आरशामागचा लेप, सगळ्यांशी तिचं वाकडं. मला हे पटायला जड गेलं, कारण १८९५ साली जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच आखूड लहरी भिंतींपलीकडं पाठवून तिथली घंटा वाजवली होती आणि बारूद उडवली होती, हे मी शाळेपासून ऐकत आलोय. आता वाटतं, त्यांना कोलकात्याऐवजी चारठाण्याला बोलावलं असतं तर बिनतारी संदेशाचा इतिहास पन्नास वर्षांनी पुढं ढकलावा लागला असता. घंटा वाजली नसती. बारूद अजून बळदात पडून असती.

या पाच गिगाहर्ट्झचे लाडही फार. त्यातल्या काही चॅनलवर बोलायच्या आधी राउटरनं मिनिटभर गप्प राहून रडारचा आवाज येतोय का ते ऐकायचं असतं. आला तर मुकाट्यानं दुसरीकडं जायचं. आमच्या गावावरून विमान गेलं तर पोरं अजून अंगणात धावतात आणि आमचा राउटर वीज आली की आधी मिनिटभर आकाशाचा अंदाज घेत बसतो. आपल्या सरकारनं दोन पॉइंट चारचा पट्टा २००५ साली विनापरवाना मोकळा केला. पाचचा मोठा भाग मात्र बरीच वर्षं घराच्या आतच वापरायचा असा दंडक होता, तो २०१८ साली उठला. आमच्या पाचाला ती बातमी अजून कळलेली नाही. तो घराच्याच काय, ढाळजेच्याही बाहेर पाऊल टाकत नाही.

भाचा म्हणाला, "सरळ लॅनची वायर टाका." मी म्हणालो, वायरच टाकायची तर बिनवायरचं कशाला घेतलं? त्याला उत्तर नव्हतं, पण मलाही पुढं काही नव्हतं, म्हणून भोक पाडायला जिंतूरहून माणूस आणला. त्याच्या ड्रिलचा दांडा भिंतीत गेला आणि टोक भिंतीतच राहिलं. त्यानं भिंतीला हात जोडले, मजुरी घेतली आणि गेला.

मग लक्षात आलं की भिंतीला दार आहे. इतक्या विद्वानांत हे कुणी बोललं नव्हतं. डोंगलला लांब वायर जोडली आणि माजघराच्या चौकटीवर, तोरणाच्या शेजारी बांधला. तिथून राउटर थेट दिसतो. दार उघडं ठेवलं आणि काटा साठीत गेला. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढला.

आता एकच अट होती. दार उघडं हवं आणि दारात कुणी नको. आमच्या घरात ही अट पाळणं म्हणजे एसटीनं वेळ पाळणं. आईची बसायची जागा गेली पन्नास वर्षं त्याच उंबऱ्याशी आहे. तिथं ती ज्वारी निवडते, तिथून तिला रस्ता दिसतो, चूल दिसते आणि कुणाच्या घरी कोण आलं तेही दिसतं. ती तिथं स्टुलावर बसली की साठचे वीस होतात. माणसाचं अंग बहुतेक पाण्याचं, ते लहर पिऊन टाकतं.

"आई, जरा अलीकडं सरक. अर्ज जाईना गेलाय."

"मी धरून ठेवलाय का तुझा अर्ज?"

"तसं नाही, तुझ्या अंगातून लहरी जात नाहीत."

"तुझ्या बापाचंही माझ्यापुढं काही जायचं नाही."

ती सरकली नाही. उलट दुसऱ्या दिवशी ज्वारी पाच पायली काढली. मग मी अर्ज भरायची वेळ बदलली. आई दुपारी झोपते तेव्हा मी शासनाशी संपर्क साधू लागलो. शासनही त्याच वेळी झोपत असल्यामुळं त्यांची साइट बंद असायची.

तरीही आई नसताना, दार उघडं असताना, ओव्हन थंड असताना काटा कधीकधी एकदम तिशीत यायचा. विशेषतः रात्री आठनंतर आणि पहाटे पाचला. पहाटे पाचला आमच्या घरात फक्त कोंबडा जागा असतो, तोही शेजाऱ्यांचा. भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "राउटरचं पान उघडा आणि कोण कोण जोडलंय त्याची यादी बघा."

यादीत टीव्ही होता. मुलाचा, सूनबाईंचा, हिचा मोबाईल होता. माझा डोंगल होता. आणि त्यांच्या वर, पाच गिगाहर्ट्झवर, सगळ्यात भक्कम छत्री घेऊन बसलेला एक मोबाईल होता. तो आमच्यापैकी कुणाचा नव्हता. राउटरच्या खिडकीबाहेर हात लांब केला तर काय लागतं, याचा विचार मी प्रथमच केला. गुरुजींची ओसरी लागते. मध्ये भिंत नाही, बळद नाही, आई नाही. एक जुई आहे फक्त.

ब्याण्णव. चौऱ्याण्णव. शंभराच्या वर गुरुजींचा आकडा कधीच का गेला नव्हता तेही समजलं. प्लॅनच शंभरचा होता. माझा.

"त्यांना पासवर्ड कुणी दिला?"

"मी," आई म्हणाली. "पहाटे हरिपाठ ऐकायचा म्हणाले. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणू का? पाणी मागितलं तर देतो की."

"पण तुला पासवर्ड ठाऊक आहे कुठं?"

"मला कामून ठाऊक असंल? त्यांनीच डबा उलटा करून बघितला. खाली चिठ्ठी चिकटवलीय म्हणाले."

मुलाचं म्हणणं पडलं की गुरुजींना स्पष्ट सांगावं. ही म्हणाली, त्यांनी माझ्या मुलाला फुकट गणित शिकवलंय. मुलगा म्हणाला, म्हणूनच मला गणित येत नाही. शेवटी न बोलता करायचा मार्ग निघाला. संध्याकाळी पासवर्ड बदलला. त्याबरोबर टीव्ही बंद पडला, ऐन मालिकेत. सूनबाईंचा मोबाईल गेला, हिचा गेला, माझा डोंगल गेला. मुलगा एकेक यंत्र घेऊन नवा पासवर्ड भरत बसला आणि घरातल्या बायका मी काहीतरी मोडलंय अशा नजरेनं माझ्याकडं बघत बसल्या.

दहा मिनिटंही झाली नसतील, ढाळजेत चपला वाजल्या. गुरुजी होते. चष्मा कपाळावर, मोबाईल हातात.

"काय हो, तुमचं नेट बंद पडलंय का?"

"नाही. चालू आहे."

"चालू कसं? काहीच येईना गेलंय. तुम्ही असे गप्प बसता म्हणून कंपन्या चढून बसतात. तक्रार टाका."

"टाकतो."

"आणि टाकताच आहात तर त्या पोराला सांगा, डबा जरा खिडकीकडं सरकव म्हणावं. पावसाळ्यात जुई वाढली की माझ्याकडं ऐंशीच्या खाली येतं."

आतून आईचा आवाज आला, "गुरुजी, चहा टाकलाय, बसा." गुरुजी बसले. चहा घेतला, बशी खाली ठेवली, उठले, खिळ्यावरून राउटर काढला आणि उलटा करून डोळ्याजवळ नेला.

"नंबर तर तोच दिसतोय," ते म्हणाले. "बदललाय का? मग चिठ्ठी नको का नवी लावायला?"